त्याच्यावर गेलेली

चर्चमध्ये अंधार असतो हे बरं.
काळ्या दगडाच्या भिंती, चार मेणबत्त्या.
पाद्रीबाबांनी बेलार्मिनोचं नाव घेतलं
तेव्हा माझं लक्ष नातेर्सियाच्या मधल्याकडे होतं,
तो बाकाखाली बूट काढून बसला होता.
वर्ष झालं म्हणे. माझ्या हातून अजून
दोन माणसांचीच कॉफी होते.

मग दार उघडलं.
आमच्या पिकू बेटावरचं ऑक्टोबरचं ऊन,
समुद्रावर आपटून उलटं आलेलं,
थेट डोळ्यांत.

पहिला दुआर्त शिंकला.
एक. दोन. थांबला. तीन.
टोरांटोत बँकेत असतो, गळ्यात टाय,
तरी पायरीवर पार दुमडला.
पाठोपाठ इरिया, पर्समध्ये रुमाल शोधता शोधता.
कडेवरचा तोमे, अजून दात चारच,
त्यानंही मान मागे टाकली,
सगळा चौक थांबवून धरला,
आणि दिली.

हसले सगळे. मीसुद्धा.
बेलार्मिनो रोज सकाळी असाच यायचा दारात,
पहिलं ऊन नाकाला लागलं की तीनदा,
आणि दुसरी-तिसरीच्या मधे एवढी जागा सोडायचा
की तेवढ्यात मी किटलीवर झाकण ठेवायचे.
त्याचा बाप तसाच. बापाची आई तर म्हणे
टेकडीवरून शिंकली की देवमासा बुडी मारायचा
आणि होडीतले पुरुष तिला शिव्या द्यायचे.

बाकीचं पांगलंय इकडे तिकडे.
नाक कुणालाच आलं नाही, सुटली बिचारी.
सुपासारखे कान दुआर्तला.
हट्ट सगळ्यांना, पुरून उरेल इतका.
इरियाची करंगळी आत वळलेली, ती माझ्याकडची,
कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते.

तो गेला, आणि ही सगळी त्याच्यावर गेली,
असं काहीतरी मी म्हणणार होते,
तेवढ्यात एर्मेलिंदाचा नातू बाहेर आला.
गास्पार. फेरीबोटीवर दोर टाकतो तो.
मेणबत्त्या विझवायला मागे राहिला होता.
उन्हात आला, कपाळावर हात धरला.
एक. दोन.

मग ती जागा.

त्या जागेत मी मोजलं:
सदुसष्ट सालचा हिवाळा,
आई आजारी म्हणून मी पलीकडे फायालला,
सात आठवडे बोटी बंद,
आणि परत आले तेव्हा घर
इतकं स्वच्छ झाडलेलं.

तीन.

एर्मेलिंदानं माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणजे, पाहायचं नाही हे तिनं इतकं नेटानं केलं
की मला ते चौकाच्या या टोकावरून दिसलं.
तिच्या हातात जपमाळ होती.
माझ्याही होती.

खाण तशी माती, असं आई म्हणायची.
आमची माती म्हणजे ज्वालामुखीची राख,
तिच्यात हातभर उंचीच्या भिंती घालून
ज्यानं त्यानं आपापली वेल लावली.
तरी कापणीला दरवर्षी भांडण व्हायचंच,
कुणाचा घड कुणाच्या बाजूला लोंबला म्हणून.
बेलार्मिनो म्हणायचा, तोडा आणि खा, गोड आहे ना?
तेव्हा मला तो दिलदार वाटायचा.

आमच्यात पोर शिंकलं की सांतीन्यु म्हणतात,
छोटा संत.
दुआर्तला म्हणून झालं होतं, इरियालाही,
तोमेला तर तीनदा.
एक शब्द तोंडात तसाच राहिला होता,
गिळला असता तर गिळला गेला असता,
एवढं काय काय गेलंय आजवर.

"सांतीन्यु!"
चांगली ओरडलेच. कबुतरं उडाली.
गास्पारनं टोपी उचलली, हसला.
कान एर्मेलिंदाचे आहेत त्याचे,
छान, डोक्याला चिकटून.

कुणाला गं आई, नातेर्सियानं विचारलं.
मी म्हटलं, तोमेच्या डोक्यावर काहीतरी घाल,
आणि चला आता,
माशाचं कालवण गार होतंय.